पावती कुणाची मानायची? : संगणक-जाळ्यांतील जुन्या-नव्या नियमांचा वाद

गेल्या वर्षीच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक वाद रंगला होता. आपल्यापैकी काहींना तो आठवत असेल. मंडळाच्या ग्रंथालयातील जुन्या अंकांची आणि काही घराण्यांच्या मोडी कागदांची छायाचित्रे काढून ती बेळगावहून बडोद्याच्या एका सभासदांकडे संगणकावरून पाठवायची होती. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "चाळीस वर्षे जी पद्धत चालली तीच वापरा, तिला काळाची परीक्षा झालेली आहे." एका तरुण अभियंत्याचे म्हणणे उलट होते. जुन्या पद्धती जुन्या तारांसाठी होत्या, आता नव्या आल्या आहेत, त्या अधिक वेगवान आणि अधिक भरवशाच्या आहेत, असे तो म्हणत होता. दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. या विषयात माझा अधिकार काय? मी गप्प बसलो.

गप्प बसण्याचे आणखीही एक कारण होते. या प्रश्नाने मला माझ्या दवाखान्यात एकदा चांगलेच घाबरवले होते, आणि तेव्हा नेमके काय झाले ते मला नीट उमगले नव्हते. म्हणून वर्षभर मिळेल ते वाचत राहिलो. जुने भरवशाचे की नवे, या वादाला स्वतःचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो आज आपल्यापुढे ठेवतो. दवाखान्यातली हकीकत मात्र शेवटी सांगेन, कारण ती समजण्यासाठी हा इतिहास आधी कळावा लागतो.

'प्रोटोकॉल' हा शब्द आपण मंत्र्यांच्या दौऱ्यात ऐकतो. संगणकांच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलताना पाळायचे नियम. आधी कोणी बोलायचे, ऐकू आले हे कसे कळवायचे, ऐकू आले नाही तर काय करायचे, एकच गोष्ट दोनदा ऐकू आली तर काय करायचे. हे प्रश्न काही नवे नाहीत. निपाणीला माझ्या आजोबांचे अडत दुकान होते. त्यांच्या तोंडून हुंडीच्या गोष्टी ऐकत मी लहानाचा मोठा झालो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, विशेषतः इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबादकडच्या पेढीवाल्या घराण्यांत, असे कागद अजून ट्रंकेत असतील.

हुंडी वाटेत हरवली तर लिहून देणारा दुसरी देई, तिला पेठ म्हणत. पेठही गहाळ झाली तर परपेठ. त्या नव्या कागदात आधीच्या कागदाचा उल्लेख असे, म्हणजे पैसे देणाऱ्याने तिन्ही हातांत पडल्या तरी रक्कम एकदाच द्यावी. रक्कम लिहितानाही एक युक्ती होती. आकडा लिहायचा, अक्षरांत लिहायचा, आणि त्याची निम्मी रक्कम सांगून तिची दुप्पट म्हणजे पूर्ण रक्कम असेही लिहायचे. वाटेत कोणी आकडा खोडला तर निमे जुळत नसे आणि चोरी उघडी पडे. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. वाटेवरचा कासद किंवा नंतरचे टपालखाते कितीही प्रामाणिक असले, तरी पेढीने आपला पडताळा त्यांच्यावर सोपवला नव्हता. लिहिणारा आणि पैसे देणारा, ही दोन टोकेच हिशेबाला जबाबदार होती.

आता अमेरिकेत जाऊ. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील संगणकाला पहिला संदेश गेला. 'लॉगिन' हा शब्द टंकायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. पुढे तासाभरात काम झाले. हे जाळे म्हणजे अर्पानेट, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभे राहिलेले. त्यात प्रत्येक ठिकाणी मोठ्या संगणकाशेजारी एक छोटे यंत्र ठेवलेले असे, त्याला आयएमपी म्हणत. मॅसॅच्युसेट्समधील बीबीएन या कंपनीने ती बनवली. मजकुराचे तुकडे करायचे, ते एका आयएमपीकडून दुसऱ्याकडे तपासत तपासत न्यायचे, आणि क्रमाने पलीकडे द्यायचे, हे सारे काम या यंत्रांचे. मोठ्या संगणकांनी एनसीपी नावाचा जो नियम पाळला त्यात गृहीतच होते की वाटेत काही हरवणार नाही. चुकून एखादा तुकडा हरवला तर संभाषण तिथेच अडकून पडे.

म्हणजे पहिल्या पिढीचा भरवसा वाटेवर होता. टपालखाते चोख आहे, तेव्हा पेढीने पडताळा ठेवायची गरज नाही, असा तो विचार. टेलिफोन खात्यांना हा विचार साहजिक वाटला, कारण त्यांची सारी कमाई चोख वाटेवरच होती. १९७६ साली जगभरच्या टेलिफोन प्रशासनांच्या आंतरराष्ट्रीय समितीने एक्स.२५ हा नियम मंजूर केला. त्यात बोलणाऱ्या दोघांमध्ये आधी एक काल्पनिक वाहिनी उभी करायची, प्रत्येक टप्प्यावर तुकडा तपासायचा, चुकला तर तिथेच पुन्हा मागायचा, आणि क्रम जाळ्यानेच राखायचा. वाचकहो, हा मूर्खपणा नव्हता. तेव्हाच्या तांब्याच्या तारांवर खरखर फार. टप्प्याटप्प्याला तपासले नसते तर शेवटी काहीच धड पोहोचले नसते. बँकांची, कार्डांची, विमान कंपन्यांची कामे या नियमावर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली. फ्रान्समधील घरोघरी पोहोचलेली मिनिटेल सेवा याच प्रकारच्या जाळ्यावर उभी होती आणि ती ३० जून २०१२ पर्यंत टिकली.

विरोधी मत फ्रान्समध्येच उभे राहिले. लुई पूझँ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सिक्लाद नावाचे जाळे बांधले. त्यांचे म्हणणे असे : जाळ्याने फक्त तुकडे पुढे सरकवावेत. हरवले, मागे-पुढे झाले, दोनदा गेले, तरी जाळ्याने फिकीर करू नये. क्रम लावणे आणि हरवलेले पुन्हा मागवणे हे काम दोन टोकांच्या संगणकांचे. अशा सुट्या, स्वतंत्र तुकड्याला डेटाग्राम हे नाव मिळाले. टेलिफोन खात्यांना हे पटणे शक्यच नव्हते. जाळ्याने जबाबदारी घ्यायची नाही, तर ग्राहकाने पैसे कशाचे द्यायचे? सिक्लादचा पैसा पुढे आटला. पण पूझँ यांचा विचार अमेरिकेत व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी उचलला.

त्यांच्यापुढे वेगळाच पेच होता. अर्पानेटच्या तारा बऱ्यापैकी चोख होत्या, पण आता चालत्या गाडीतले रेडिओ आणि उपग्रह यांचीही जाळी होती, आणि त्यांत तुकडे हरवणारच. या सगळ्या जाळ्यांना जोडायचे तर कोणत्याच वाटेवर भरवसा ठेवता येणार नव्हता. १९७४ च्या मे महिन्यात त्यांचा निबंध छापून आला. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात रस्त्याने चाललेल्या एका व्हॅनमधून निघालेले तुकडे रेडिओने, तारेने आणि उपग्रहाने युरोपपर्यंत जाऊन परत अमेरिकेत आले. पुढे या नियमाचे दोन भाग केले. आयपी हा नुसता तुकडा पुढे ढकलणारा, आणि टीसीपी हा दोन टोकांवर बसून क्रम लावणारा, पोच मागणारा, पोच न आल्यास पुन्हा पाठवणारा. पेठ आणि परपेठ देणारी पेढी म्हणजे टीसीपी, असे समजा.

तरीही प्रश्न उरतो. अर्पानेटची वाट चोख असताना पेढीने पडताळा का ठेवायचा? याचे उत्तर २७ ऑक्टोबर १९८० रोजी मिळाले. त्या दिवशी अर्पानेट काही तास ठप्प झाले. सगळे जाळे एकाच वेळी. कारण शोधले तेव्हा जे निघाले ते सांगतो, कारण माझ्या हकीकतीशी त्याचा संबंध आहे.

प्रत्येक आयएमपी थोड्या थोड्या वेळाने आपल्या वाटांची खबर बाकीच्यांना देत असे. खबर नवी की जुनी हे कळावे म्हणून तिला ० ते ६३ यांपैकी एक क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०. घड्याळाच्या तबकडीवर जसे बारानंतर एक येते तसे. दोन क्रमांकांपैकी जो अर्ध्या फेरीच्या आत पुढे असेल तो नंतरचा मानायचा, हा नियम. त्या दिवशी एका यंत्राच्या बिघाडामुळे एकाच आयएमपीच्या खबरीच्या तीन प्रती फिरू लागल्या. क्रमांक ८, ४० आणि ४४. संगणक आकडे शून्य आणि एकांच्या रांगेत लिहितो. ४४ मधला एक 'एक' गळाला की ४० होतो, आणखी एक गळाला की ८ होतो. आता गंमत पाहा. तबकडीवर ८ च्या पुढे ३२ घरांवर ४०, त्याच्यापुढे ४ घरांवर ४४, आणि ४४ च्या पुढे २८ घरांवर पुन्हा ८. प्रत्येक क्रमांक दुसऱ्यापेक्षा नवा! म्हणून प्रत्येक यंत्र येणारी प्रत्येक प्रत ताजी समजून शेजाऱ्यांना वाटत सुटले आणि या वाटपातच सगळ्यांची जागा भरून गेली. शेवटी त्या एका आयएमपीच्या खबरींकडे दुर्लक्ष करा, असे बाकीच्यांना शिकवावे लागले तेव्हा जाळे उठले.

मुद्दा असा, की तारांवरची तपासणी चोख होती. तार ओलांडताना बिघडलेला तुकडा लगेच पकडला जाई. आकडा बिघडला तो यंत्राच्या पोटात, स्मृतीत. तिथे कोणी तपासत नव्हते. दोन चौक्यांमधला रस्ता सुरक्षित होता, चोरी चौकीतच झाली.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमध्ये असाच प्रकार घडला होता. तिथल्या जाळ्यांमधील एक दुवा-संगणक तुकडे आत घेऊन बाहेर देताना, सुमारे दहा लाख अक्षरांमागे एकदा, शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल करी. प्रत्येक तारेवरचा पडताळा बरोबर येत होता, कारण अदलाबदल पडताळ्यांच्या मधल्या जागेत होत होती. एका मोठ्या कार्यप्रणालीच्या मूळ फायली या दुव्यातून वारंवार गेल्या आणि हळूहळू बिघडल्या. शेवटी मालकांना जुने छापील कागद काढून ओळीला ओळ लावून तपासावे लागले. जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या तिघांनी हे उदाहरण देऊन १९८१ मध्ये एक निबंध मांडला. तो १९८४ मध्ये विस्ताराने छापला गेला. त्याचे सार सोपे आहे. ज्याला अचूकपणा हवा आहे त्याने अगदी टोकाला, म्हणजे फाइल डिस्कवर उतरल्यानंतर, स्वतः पडताळा घ्यावा. वाटेवरची तपासणी वेग वाढवायला उपयोगी पडते, पण ती टोकाच्या पडताळ्याची जागा घेऊ शकत नाही.

या विचाराचा विजय झाला असे इतिहासात लिहिले जाते. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने एनसीपी बंद करून टीसीपी-आयपी स्वीकारला. लोक चालढकल करत होते म्हणून १९८२ मध्ये जुना नियम आधी एक दिवस आणि नंतर दोन दिवस मुद्दाम बंद ठेवून इशारा द्यावा लागला होता. स्थलांतरातून आम्ही वाचलो, अशा मजकुराचे बिल्लेही नंतर लोकांनी छातीवर लावले. जुनी पद्धत सोडताना माणसे किती कुरकुरतात हे डॉक्टरला नव्याने सांगायला नको.

पण विजयी पक्षाची फजितीही सांगितली पाहिजे, नाही तर हा इतिहास एकतर्फी होईल. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कले येथील दोन संस्थांमध्ये, म्हणजे अवघ्या ४०० यार्डांवर, नव्या जाळ्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. सुमारे ८०० पटींनी कमी! कारण असे, की तुकडे हरवू लागले की प्रत्येक टोक ते पुन्हा पाठवी. पुन्हा पाठवलेल्या तुकड्यांनी गर्दी वाढे. गर्दीने आणखी तुकडे हरवत. ते पुन्हा पाठवले जात. जत्रेत चेंगराचेंगरी होते तशी. वाटेने जबाबदारी घेतली नाही तर गर्दी आवरणार कोण, ही टेलिफोनवाल्यांची शंका खरी ठरली. व्हॅन जेकबसन आणि मायकेल केरल्स यांनी टीसीपीला नवी शिस्त लावली. सुरुवात हळू करायची, पोच येत गेली तर वेग वाढवायचा, तुकडा हरवला की तो गर्दीचा इशारा समजून लगेच मागे हटायचे. १९८८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आज आपण ज्याला जुने, काळाने तपासलेले टीसीपी म्हणतो त्याची शहाणीव अशा फजितीतून आली आहे. आमच्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे इथे खरे ठरते. जुन्याचा खरा गुण म्हणजे त्याच्या चुका आधीच होऊन गेल्या आहेत आणि त्या कोणीतरी लिहून ठेवल्या आहेत.

या वादाची सावली आपल्या देशावरही पडली. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने इलेक्ट्रॉनिक्स विभागाने एर्नेट हे शैक्षणिक जाळे सुरू केले. त्यात मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, तेव्हाच्या पाचही आयआयटी आणि दिल्लीचा विभाग होता. त्या काळी जगभरच्या सरकारांचा कौल ओएसआय नावाच्या नियमावलीकडे होता. ती आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने रीतसर बैठका घेऊन, मसुदे फिरवून घडवलेली. टीसीपी-आयपी त्या मानाने प्रयोगशाळेतून बाहेर आलेला. आपल्या लोकांनी शहाणपणा केला. एर्नेटच्या मुख्य वाहिन्यांवर दोन्ही नियम एकदमच चालवले आणि कोणता टिकतो ते पाहिले. १९९५ नंतर जवळपास सारी वाहतूक टीसीपी-आयपीवरच होऊ लागली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले केले.

आता तरुण अभियंत्याच्या नव्या पद्धतीकडे येऊ. तिचे नाव क्विक. गूगलमध्ये २०१२ च्या सुमारास जिम रोस्किंड यांनी तिचा आराखडा केला. पुढे आंतरराष्ट्रीय अभियंत्यांच्या मंडळाने तिला बदलून, घासून-पुसून मे २०२१ मध्ये प्रमाण नियम म्हणून प्रसिद्ध केले. टीसीपीमध्ये सगळा मजकूर एकाच रांगेत येतो. रांगेतला एक तुकडा हरवला की मागचे सगळे, त्यांचा त्याच्याशी संबंध असो वा नसो, थांबून राहतात. माझ्या दवाखान्यात एका रुग्णाचे जुने कागद सापडेनात म्हणून बाहेरचे सगळेच खोळंबतात, तसे. क्विकमध्ये अनेक रांगा आहेत; एक अडली तरी बाकीच्या चालतात. माणूस घरातल्या वायफायवरून मोबाइलच्या जाळ्यावर गेला तरी संभाषण तुटत नाही. आणि सारा मजकूर सक्तीने कुलूपबंद जातो. वाटेत एक अक्षर बदलले तरी कुलूप उघडत नाही.

हे शेवटचे महत्त्वाचे आहे. टीसीपीकडे स्वतःचा पडताळा आहे, त्याला चेकसम म्हणतात. हुंडीतल्या 'निमे'सारखाच बेरजेचा. पण तो फक्त १६ बिटांचा, म्हणजे तोकडा. २००० साली जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी खऱ्या जाळ्यांवरील तुकडे तपासले तेव्हा ठिकाणानुसार १,१०० पैकी एका ते ३२,००० पैकी एका तुकड्याचा हा पडताळा चुकलेला आढळला. तारेवरची तपासणी पास झालेली असूनही! म्हणजे चौकीतली चोरी १९८० नंतरही थांबली नव्हती, आणि इतक्या वेळा चुका होत असतील तर तोकड्या पडताळ्यातून काही निसटणारच. कुलूपबंद मजकुरात ती भीती फार कमी होते. इथे तरुण अभियंत्याचे खरे ठरते. फक्त एवढी भर घालतो, की आज जुन्या टीसीपीवरूनही बहुतेक मजकूर तसाच कुलूपबंद जातो.

मग नवे जिंकले म्हणायचे का? दोन गोष्टी लक्षात घ्या. क्विक ज्या यूडीपीवर स्वार झाली आहे तो नियम १९८० चा. त्याच्या रचनेचे श्रेय वर उल्लेखलेल्या तिघांपैकीच डेव्हिड रीड यांना दिले जाते. यूडीपी म्हणजे जवळपास उघडा डेटाग्राम, पूझँ यांच्या मुशीतला. नव्या पद्धतीला जुन्याचा आधार का घ्यावा लागला? कारण वाटेवर बसलेली असंख्य यंत्रे टीसीपी आणि यूडीपी सोडून तिसरे काही दिसले की ते अडवतात. आणि दुसरी गोष्ट. क्विक प्रमाण झाल्यानंतर सव्वा वर्षाने, ऑगस्ट २०२२ मध्ये, टीसीपीची १९८१ ची संहिता बाजूला करून चाळीस वर्षांच्या दुरुस्त्यांसह नवी संहिता प्रसिद्ध झाली. तेव्हा वयाने पाहाल तर जुन्याची संहिता नव्यापेक्षा नवी आहे आणि नव्याचा पाया जुना आहे.

शिवाय नव्या यंत्रणाही जुन्याच खड्ड्यात पडतात. २० जुलै २००८ रोजी अमेझॉनची एस-३ ही साठवण सेवा अनेक तास बंद पडली. कारण? यंत्रे एकमेकांना जी आतली खबर देत होती, तिच्यात कुठे कुठे एकेक बिट उलटला होता, तरी ती वाचनीय राहिली होती. ग्राहकांच्या फायलींवर पडताळा होता, या आतल्या खबरींवर नव्हता. १९८० ची गोष्ट २८ वर्षांनी पुन्हा घडली.

आता माझी हकीकत. होमिओपॅथीत रुग्णाची माहिती लांबलचक लिहावी लागते. एकेकाची सात-आठ पाने होतात. मी १९८६ पासून वह्यांत लिहीत आलो. पुढे एका मुलीला कामाला ठेवून सगळे संगणकावर चढवले. २०२१ मध्ये नवा संगणक घेतला तेव्हा पुतण्याने जुन्यातल्या सगळ्या फायली घरच्या जाळ्यावरून नव्यात घेतल्या. पडद्यावर 'पूर्ण झाले' असे आले. मी निर्धास्त झालो. पुतण्या तर म्हणाला, "काका, आता या वह्या रद्दीत घाला." देवाची कृपा, माझ्या पत्नीने त्या माळ्यावर टाकल्या.

आठ महिन्यांनी एक आजीबाई आल्या. दाढेला गळू होते. दातांच्या डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले होते, आणि आजींना ते घेण्याआधी उगाच मला विचारायचे होते. त्यांची फाइल उघडली तर अर्ध्यानंतर नुसत्या चौकोनी खुणा. मला अंधुक आठवत होते की बाईंना पूर्वी कुठल्यातरी इंजेक्शनचा मोठा त्रास झाला होता. त्यांना स्वतःला काही सांगता येईना. मी त्यांना गोळी घेऊ नका म्हणालो आणि घरी जाऊन माळ्यावर चढलो. वहीत सापडले. १९९८ मध्ये पेनिसिलीन दिल्यावर अंगावर गांध्या आल्या, धाप लागली आणि दवाखान्यात ठेवावे लागले. चिठ्ठीतले औषध त्याच घराण्यातले होते. मी दातांच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी लगेच दुसरे औषध दिले.

त्यानंतर आम्ही सगळ्या फायली उघडून पाहिल्या. सुमारे ३,००० पैकी ४१ बिघडल्या होत्या. दुरुस्ती करणाऱ्याने जुना संगणक उघडला तेव्हा स्मृतीची एक पट्टी सदोष निघाली. तेव्हा मी जाळ्याला दोष देत होतो. आज कळते, की जाळ्याने काहीच चूक केली नव्हती. फाइल संगणकाच्या पोटातच बिघडली आणि बिघडलेला मजकूर अत्यंत इमानदारीने नव्या संगणकात पोहोचला. टीसीपी असता काय आणि क्विक असती काय, दोघांनीही 'पोहोचले' अशीच पावती दिली असती, आणि ती खरीच असती. ती पावती वाटेची होती. मला हवी होती ती टोकाची, आणि ती घ्यायची जबाबदारी माझी होती.

दवाखान्यात मी हे रोज करतो. पुड्या कशा घ्यायच्या ते सांगून झाल्यावर रुग्णाने मान हलवली म्हणून मी त्याला सोडत नाही. "आता तुम्ही मला सांगा, कशा घेणार?" असे विचारतो. तो चुकीचे सांगतो तेव्हा कळते की मान हलवणे ही पोच होती, समजल्याची खूण नव्हती. हेच मी फायलींच्या बाबतीत विसरलो.

तेव्हा गेल्या वर्षीच्या त्या वादाला माझे उत्तर असे. मंडळाचे अंक आणि आपल्या घराण्यांचे मोडी कागद जुन्या पद्धतीने पाठवा की नव्या, दोन्ही चालतील. वाद वेगाचा आहे, तो अभियंत्यांवर सोडा. पण पाठवण्याआधी प्रत्येक फाइलचा पडताळा-आकडा काढून वेगळ्या कागदावर लिहा. त्यासाठीचे साधन संगणकात असते, तरुण मंडळी दोन मिनिटांत दाखवतील. बडोद्याला फायली डिस्कवर उतरल्यावर तिथल्या सभासदांनी तोच आकडा पुन्हा काढावा आणि फोनवर जुळवून घ्यावा. मग दर विसातली एक फाइल उघडून शेवटच्या पानापर्यंत डोळ्यांनी पाहावी. एवढे झाल्यावरच पावती मानावी.

आणि मूळ कागद रद्दीत घालू नयेत. एमआयटीच्या अभियंत्यांना शेवटी छापील कागदच काढावे लागले, मला माळ्यावर चढावे लागले. आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून दूर राहिली; आपले मराठीपण बरेचसे अशा ट्रंकांतल्या कागदांवरच टिकले आहे. यंदा ते पाठवायचे ठरले, तर बेळगावकडची यादी लिहायला मी बसेन.